गावंडे सरांची अकोल्याची उडी

माणसाचं वय जाणून घ्यायचं तर आपण जन्मसाल विचारतो. गावंडे सर उडी मारायला लावायचे.

अमरावतीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. ऑफिसात सही करून मी बाहेर पडले तर समोर बास्केटबॉलच्या खांबाखाली एक बुटके, सावळे गृहस्थ उभे. गळ्यात शिट्टी, डोक्याला दुपट्टा, आणि एका खिशात फुटाणे, जे ते बोलता बोलता एकेक करून तोंडात टाकत होते.

"नवीन का म्याडम?"

"हो. मराठीला."

"बरं झालं. पोरींची टीम न्यायची म्हंजे संग लेडी टीचर लागते. आता तुमीच चाला. जरा एक उडी मारून दाखवा."

मी नव्या कोऱ्या साडीत. म्हटलं, "सर, मी मराठीची शिक्षिका आहे."

"मंग मराठीत मारा."

उडी मी मारली नाही, पण टीमबरोबर जाणं काही टळलं नाही, आधी मुलींच्या आणि मग मुलांच्याही. पुढे त्यांच्यासोबत एसटीने जितकी फिरले तितकी माहेरीसुद्धा गेले नसेन. माझं माहेर धामणगाव रेल्वेचं, म्हणजे मी वऱ्हाडातलीच, त्यामुळे त्यांचं बोलणं मला कधी टोचलं नाही. आमच्या इंग्रजीच्या बाई मात्र पुण्याहून लग्न होऊन इकडे आलेल्या. त्यांना सर एकदा अगदी मायेने म्हणाले, "काहून असे वाळून राहिले बाई? जेवत जा न दोन घास." बाई पुढचा आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि आपलं काय चुकलं हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शिट्टी ते कधी वाजवायचे नाहीत. ती गळ्यात आहे एवढं पोरांना दिसलं की पुरे, असं त्यांचं मत होतं. शाबासकी द्यायची तर फुटाणे द्यायचे, आणि शिक्षा करायची तर फुटाणे न देता समोर उभं राहून स्वतः खायचे. आमच्या शाळेत छडीपेक्षा या शिक्षेला पोरं जास्त घाबरत.

उडीबद्दल मात्र ते थट्टा करत नसत. त्यांचं सांगणं असं, की दहा-अकराचं पोरगं उडत नाही, नुसतं उसळतं. बाराव्या वर्षी मुली मुलांच्या वर जातात. हे ते मुलांच्या तोंडावर सांगायचे. मुलं हिरमुसली की म्हणायचे, "रडू नको बे. तिचं वरीस आलं, तुहं यायचं हाय." प्रत्येक पोराचं एक 'वरीस' असतं, ते आलं की एका हंगामात उडी हातभर वर जाते, आणि ते ओरडून किंवा अंडी चारून आणता येत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. त्या वर्षाच्या आधी एक काळ येतो. हातपाय लांबतात, आवाज फाटतो, पोरगं स्वतःच्याच पायात अडखळतं आणि उडी मागच्या वर्षीपेक्षा चक्क कमी होते. अशा पोराला ते 'गाभुळलेलं' म्हणायचे. चिंच जशी, धड कच्ची नाही आणि पिकलेलीही नाही. एक पालक काळजीने आले होते, "सर, पोरगं वाढलं अन उडी कमी झाली, काही टॉनिक द्यावं का?" सर म्हणाले, "काहीच देऊ नका. फक्त त्याले हसू नका."

हे सगळं ते भिंतीवर शिकले होते. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. आमच्या शाळेतली पोरं सकाळी बैल मिरवायची आणि दुपारी मैदानावर यायची, कारण त्या दिवशी भिंतीच्या उड्या असत. एका वाटीत गेरू कालवलेला. त्यात बोट बुडवायचं, उडी मारायची, आणि सामानाच्या खोलीच्या भिंतीवर जितकं वर पोचेल तिथे बोट टेकवायचं. शेजारी कोळशाने नाव आणि वय. अनेक वर्षांच्या बोटांनी ती भिंत कुंकू शिंपडल्यासारखी दिसायची. सर तिच्यासमोर उभे राहून मला समजावत, "हे पाहा म्याडम, इथं बाराच्या पोरी वर. तेराले बरोबर. अन इथून पोट्टे चालले." मला ठिपक्यांपलीकडे काही दिसायचं नाही, पण मान हलवली की फुटाणे मिळायचे.

कागदावरच्या वयावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारण ते स्वतःच होते. त्यांचं गाव तेल्हाऱ्याकडे. तिथे शाळेत घालायला आणलेल्या पोराला गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख एक जून. त्यांच्या वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. सर म्हणायचे, "मास्तरनं आंगावरून वय काढलं, मी बी थेच करून राहिलो. थो कानावरून काढे, मी उडीवरून काढतो."

आणि ते काढायचे. पातूरला सतरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. एका गावच्या टीममधला एक पोरगा असा काही उडत होता की सगळे प्रशिक्षक आपापसात कुजबुजायला लागले. कागद चोख होते, दाढी नुकतीच घोटलेली होती, पण सिद्ध काय करणार? मध्यंतरात गावंडे सर उठले आणि त्या पोराशेजारी जाऊन बसले. ओंजळीत फुटाणे दिले.

"लय मस्त उडतं गड्या तू."

"हो सर."

"घरी समदे बरे?"

"बरे आहेत सर."

"पोट्ट्याचं नाव काय ठेवलं?"

"अजून बारसं नाही झालं सर."

एवढं बोलून त्या बिचाऱ्याचा फुटाणा तोंडातच राहिला. सरांनी तक्रार केली नाही. खिशातले उरलेले फुटाणेही त्याला देऊन म्हणाले, "बारशाले बोलाव मंग." उत्तरार्धात तो पोरगा पाय मुरगळला म्हणून बाहेर बसला. बारशाचं बोलावणं खरंच आलं, सर खरंच जाऊन आले, आणि माझ्यासाठी डब्यात घुगऱ्या घेऊन आले.

"पण तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"लहान पोट्टं उडते मनानं, मोठं उडते मांडीनं," ते म्हणाले. "अन हा उतरताना पाह्यला का? आंग सांभाळून उतरे. घरी कोनी वाट पाहनारं असल्याशिवाय मानूस असा उतरत नाही."

आता त्यांच्या स्वतःच्या उडीकडे येते. तिच्याकडे न येता सरांशी कुणाचं बोलणं पुरं व्हायचंच नाही.

सरांची उंची पाच फूट चार इंच. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. आणि सरांचं म्हणणं असं, की एकोणीस वर्षांचे असताना, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकत असताना, अकोल्याच्या एका शाळेत पाठ घ्यायला गेले होते, तिथे त्यांनी त्या दहा फुटांवरच्या रिंगला हात लावला. उंच पोरांनासुद्धा जे जमत नाही ते. पोरांच्या प्रत्येक तुकडीला ही गोष्ट ऐकावी लागे, आणि सरांची पाठ फिरली की प्रत्येक तुकडी हसे. साक्षीदार एकच होता, तायडे सर. ते सरांचे कॉलेजातले जोडीदार, पुढे अकोल्याच्या त्याच शाळेत लागले आणि आमचे कायमचे प्रतिस्पर्धी झाले. त्यांना विचारलं की तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणायचे, "लागला होता ब्वा. मी होतो तिथं." पण ते अशा चेहऱ्याने म्हणत की संशय आणखी वाढायचा.

मग सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे. गुडघ्यावर जुना व्रण होता.

"उतरताना तोल गेला. हा मुरूम घुसला आत. एक खडा अजून हाय, हात लावून पाहा."

माझ्यासकट सगळ्या स्टाफने तो खडा चाचपून पाहिला होता. इंग्रजीच्या बाईंनी लांबूनच मान्य केला. "म्याडम," सर म्हणायचे, "खोटं बोलनाऱ्याच्या गुडघ्यात खडा नसते."

मीही हसायचे. पण पुढे पुढे मला हसू येईनासं झालं. हा माणूस आयुष्यभर बुटका म्हणून गाळला गेला होता. कॉलेजच्या टीममध्ये राखीव, जिल्ह्याच्या टीममध्ये पाणी द्यायला. खेळ हाडीमासी मुरलेला, आणि दाखवायला त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. ती त्यांनी जपली नसती तर नवल.

त्या अकोल्यानेच त्यांना छळलंही. दर वर्षी तायडे सर निरोप पाठवायचे, आमची तेराची पोरं जाळीला हात लावतात. रिंगखाली लोंबणारी जाळी. आमची पोरं जाळीला पोचायची चौदाव्या वर्षी. बरोबर एका वर्षाचा फरक, आणि तो दर वर्षीचा. सामने अमरावतीला तरी व्हायचे किंवा अकोल्याच्या मोठ्या मैदानावर. तिथे अकोल्याची पोरं आमच्यापेक्षा वर उडताना दिसत नसत. उलट त्यांचे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येत. तायडे सर म्हणत, बॉलमध्ये हवा कमी आहे. गावंडे सर म्हणत, पोट्टे प्रवासानं थकले. पण भिंतीवर ज्यांची श्रद्धा, त्यांना ते एक वर्ष खात होतं.

आधी त्यांनी वयाचाच संशय घेतला. अकोल्याला जाऊन तिथल्या पोरांशेजारी फुटाणे घेऊन बसले, पण कुणाचंच बारसं व्हायचं बाकी नव्हतं. पोरं खरंच तेराची होती. मग त्यांनी ठरवलं की हा उन्हाचा परिणाम. "अकोल्याचं ऊन म्याडम! केळं भट्टीत घातलं का लवकर पिकते, तसे पिकून राहिले थे पोट्टे." त्या मे महिन्यात त्यांनी आमच्या पोरांना भर दुपारी शाळेच्या गच्चीवर उभं केलं. आया शाळेवर चालून आल्या. मग त्यांनी भाकरीवर लक्ष घातलं, आणि सगळ्यांना घरी गहू बंद करून ज्वारी सुरू करायला लावली. शेवटी पाणी. अकोल्याहून येताना त्यांनी एसटीत पाण्याची भलीमोठी कॅन चढवली, कंडक्टरशी भांडले, आणि ते पाणी पोरांना तीर्थासारखं पाजलं. उडी कुणाची वाढली नाही, दोघातिघांची पोटं तेवढी बिघडली.

आणि मग विभागाच्या चौदा वर्षांखालच्या टीमची निवड आली. त्या वर्षी निवड समितीने नियम केला, की प्रत्येक प्रशिक्षकाने आपापल्या मैदानावर पोरं तपासायची, जाळीला हात लावतील तेवढीच पुढच्या निवडीला अकोल्याला आणायची. तिथे खेळ पाहून टीम ठरणार. आमची जेमतेम दोन पोरं पोचली. तायडे सरांची सगळीच्या सगळी पोचली.

आमच्या न पोचलेल्यांत सोहम राऊत होता. त्यांचा फुलांचा मळा. झेंडू खुडून खुडून असेल, पण हात असे की बॉल त्याच्याकडून सुटायचा नाही. आमच्या शाळेत त्याच्याइतका बास्केटबॉल कळणारा पोरगा नव्हता. पण अंगाने काडी, आणि त्याचं वरीस आलेलं नव्हतं. तो जाळीला चार बोटं कमी पडला. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. सर त्या संध्याकाळी फुटाणे खायचे विसरले. दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघताना त्यांनी सोहमलाही गाडीत घेतलं. "पानी द्याले एक लागतेच," असं मला म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहत बसले. पाणी देणं काय असतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

मूर्तिजापूरला चहा घेऊन आम्ही अकोल्याला पोचलो. मोठं मैदान लग्नासाठी दिलं होतं, म्हणून निवड तायडे सरांच्या शाळेच्या मैदानावर ठेवली होती. सरांनी ज्या रिंगला हात लावला ती रिंग तिथलीच. गाडीतून उतरताच त्यांनी पोरांना ती दाखवली, पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. समितीचे लोक खुर्च्या मांडत होते. सोहम पाण्याची कॅन ठेवून नुसता उभा होता, आणि उभ्या उभ्या कंटाळून त्याने रिंगखाली एक उडी मारली.

त्याचं बोट जाळीत गेलं.

पोरांनी एकच गलका केला. सरांचा फुटाणा तोंडाशी आलेला तिथेच थांबला.

"सोहम, अजून एक मार."

पुन्हा बोट जाळीत.

"म्याडम, हे पोट्टं काल किती कमी पडलं?"

"चार बोटं."

"मंग एका राती चार बोटं कुठून आली? मूर्तिजापूरचा च्या पेल्यानं?"

मी हसत म्हटलं, "आलं असेल सर त्याचं वर्ष."

सर हसले नाहीत. "वरीस असं गाडीत बसून येत नाही," ते म्हणाले, आणि रिंगखाली जाऊन वर बघत उभे राहिले. बराच वेळ. आयुष्यभर उड्या वाचलेला माणूस होता तो, त्याला टेपची गरज नव्हती. पोरगं वाढलं नव्हतं, म्हणजे रिंग खाली होती. मग अकोल्याची पोरं वर्षभर पुढे का होती तेही कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली, कारण त्यांचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला.

मलाही कळलं. सर गप्प राहिले तर काहीच बिघडत नव्हतं. अकोल्याची टीम गेली असती, सोहमने पाणी दिलं असतं, आणि सरांची उडी सरांजवळ राहिली असती. मी, खरं सांगते, मनातून म्हणत होते की गप्प राहा.

तेवढ्यात सोहम धावत आला. चेहरा नुसता फुललेला. "सर, माहं वरीस आलं का?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही बे," ते म्हणाले, "अजून नाही आलं. पन तुहं काही चुकलं बी नाही." आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "तायड्या! टेप आन!"

तायडे सर भडकले. "माह्या ग्राउंडवर संशय घेऊन राहिला का बे तू? माही रिंग मोजतं?" पण समितीच्या लोकांनाही आता उत्सुकता लागली होती. टेप कुणाकडेच नव्हती. शेवटी समोरच्या दुकानातून टेलरला बोलावलं. तो टेप कुणाच्या हातात द्यायला तयार होईना, म्हणून स्वतःच टेबलावर चढला. टेप कमी पडली तेव्हा मध्ये खडूने खूण करून त्याने खांबाशेजारी दोनतीन टप्प्यांत माप घेतलं, पायजम्याचं घ्यावं तितक्याच गंभीरपणे. मग टेप गळ्यात टाकून खाली उतरला.

"दहा फुटाले वीतभर आखूड भरते साहेब," तो म्हणाला. "खालून सोडता येत असन तर सोडा."

कुणी हसलं नाही. तायडे सर पायरीवर बसले. मग हळूहळू त्यांच्याच तोंडून उलगडा झाला. ती जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. दर वर्षी मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्यायचे. पुढे कुणी देणगी दिली, तर त्यावरच काँक्रीट ओतलं. खांब होता तिथेच राहिला.

"आमी दरसाल जमीन वर घेत गेलो," तायडे सर म्हणाले, "अन वाटलं का पोट्टे वर चालले."

इतक्या वर्षांचा अकोल्याचा गर्व एका टेलरने टेबलावरून उतरवला होता. त्यांची मला दया आली. पण त्याच माणसाने त्या क्षणी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी मान वर करून गावंडे सरांकडे पाहिलं, आणि त्यांनाही आठवलं. ते घाईघाईने उठले.

"पन तुह्या टायमाले असं नव्हतं गावंड्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तवा मुरूम नव्हताच. निरी काळी माती होती. मी होतो न तिथं! तुही उडी खरी."

या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मला हायसं वाटलं. पोरांनाही वाटलं असावं, कारण एरवी पाठीमागे हसणारी पोरं आता सरांकडे आशेने पाहत होती. सरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

सर खाली वाकले आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"मंग हा खडा कोन्या मातीतला?"

तायडे सरांनी वाकून गुडघा पाहिला.

"काळ्या मातीत खडा नसते तायड्या."

"असन एखादा थर," तायडे सर पुटपुटले. "बारकासा."

"थर तर थर." सरांनी पँट खाली सोडली, धूळ झटकली. "लिहून घ्या साहेब. रिंग आखूड हाय. आमचे पोट्टे अन याहीचे पोट्टे सारखेच उडते. अन माही उडी आजपासून रद्द."

मला रडू येत होतं, आणि समितीतले एक जण खरोखरच ते लिहून घेत होते म्हणून हसूही येत होतं.

त्या दिवशी काय करायचं यावर समितीने बराच काथ्याकूट केला. शेवटी जाळीचा नियमच उडवला, जी पोरं आली होती त्या सगळ्यांना खेळायला लावलं, आणि खेळ पाहून नावं काढली. निम्मी अमरावतीकडच्या शाळांची, निम्मी अकोल्याकडची. सोहमचं नाव आलं. त्याने आल्या आल्या खाली ठेवलेली पाण्याची कॅन परतताना आम्ही विसरूनच आलो. तायडे सरांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली आणि गावंडे सरांना दोन.

परतीच्या वाटेवर मी सरांशेजारी बसले होते. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे म्याडम, आपले पोट्टे एक वर्सानं मागं नव्हतेच."

"नव्हते सर."

"उगाच त्याइले उन्हात तळलं."

"हो."

"अन पानी बी पाजलं." आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की ड्रायव्हरने वळून पाहिलं. पण त्यानंतर रिंगला हात लावल्याची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. नव्या पोरांना ती ठाऊकच नव्हती. कुणी जुन्याने विषय काढलाच तर म्हणत, "थे रद्द झाली," आणि फुटाणे पुढे करत. आमच्या स्टाफरूममधला चहा त्या गोष्टीवाचून फिका लागायला लागला. एकदा तर इंग्रजीच्या बाईंनीच मला हळूच विचारलं, "त्यांचा गुडघा बरा आहे ना?"

पुढे ते निवृत्त झाले. तान्ह्या पोळ्याला मात्र येतात. मागच्या तान्ह्या पोळ्याला आले तेव्हा भिंतीजवळ खुर्ची टाकून बसले होते, गळ्यात तीच न वाजणारी शिट्टी. सोहमही आला होता. त्याचं वरीस आता आलेलं आहे आणि चांगलंच आलेलं आहे. सर त्याच्या खांद्याला लागतात. त्याने गेरूत बोट बुडवलं आणि भिंतीवर इतक्या वर टेकवलं की लहान पोरं तोंड उघडी टाकून पाहत राहिली. मग वाटी सरांसमोर धरली.

"सर, आता तुमी."

"माही रद्द झाली बे."

"थे अकोल्याची रद्द झाली. इथं तुमी कधी मारलीच कुठं?"

हे खरंच होतं. इतक्या वर्षांत हजार बोटं त्या भिंतीवर उमटली, पण सरांचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, शिट्टी माझ्या हातात दिली, बोट बुडवलं, आणि चार पावलं मागे जाऊन धावत आले.

उतरताना त्यांनी अंग सांभाळलं, हे मी मुद्दाम पाहिलं. पोरं मात्र भिंतीला चिकटली. सोहमने तो ताजा ठिपका शोधला, आजूबाजूची कोळशाने लिहिलेली वयं वाचली आणि जरा अडखळला.

"तेराच्या पोट्ट्यांत आली सर."

"तेरा?" सर धापा टाकत होते. "नीट पाह्य."

"तेराच हाय सर."

सर स्वतः जवळ गेले. बोटाचा गेरू दुपट्ट्याला पुसत त्यांनी आपल्या ठिपक्याकडे खालून वर, नीट निरखून पाहिलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ठिपक्यांकडे पाहत आले तसंच. मग माझ्याकडे वळले.

"म्हंजे म्याडम," ते म्हणाले, "माहं वरीस अजून यायचंच हाय."